यंत्र, करमणूक, रीतभात, देव: माझी काही रोजची मतं

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चार-पाच मतं बरेच दिवस डोक्यात घोळतायत. स्वतंत्र धागा काढावा एवढं वजन एकातही नाही, म्हणून सगळी एकाच गाठोड्यात बांधून आणली. पटलं तर मान डोलवा, नाही पटलं तर भांडा, पण आधी शेवटपर्यंत वाचा. हा आग्रह का, ते लगेच कळेल.

महिन्याभरापूर्वी आईचा आवाजी निरोप आला. चार मिनिटं बारा सेकंद. मी जिना उतरत होतो, वेग दुप्पट केला. तब्येत, शेजारच्यांची भांडणं, माझं न येणं असं सगळं झाल्यावर ती "बरं, ठेवते मग" म्हणाली. मी तिथेच बंद केलं आणि उत्तरादाखल अंगठा पाठवला. आठवड्याने तिचा फोन.

"आला नाहीस?"

"कुठे?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे. सांगितलं होतं की निरोपात."

नव्हतं सांगितलंस, असं मी छातीठोकपणे म्हणालो. फोन ठेवल्यावर निरोप परत लावला, या वेळी साध्या वेगाने. "ठेवते मग" नंतर अजून जवळजवळ दोन मिनिटं शिल्लक होती. रेकॉर्डिंगला कुलूप लावायचं मीच तिला शिकवलं होतं, काढायचं शिकवायचं राहिलं. तिने फोन खरोखरच ठेवला होता, टेबलावर. खुर्ची सरकल्याचा आवाज, सपातांचा आवाज, आणि मग लांबून, स्वतःशीच: "डोळ्यांच्या डॉक्टरचं सांगितलं का मी? गुरुवारचं? … सांगितलं बहुतेक."

म्हणजे आम्ही दोघंही खरं बोलत होतो.

तेव्हापासून मी स्वतःच्या सवयींकडे जरा संशयाने बघायला लागलो. निरोप दीडपट-दुप्पट वेगाने ऐकायची सोय व्हॉट्सॲपवर २०२१ मध्ये आली. एवढ्यात ती इतकी अंगवळणी पडली की निरोप आला की बोट आपसूक त्या आकड्यावर जातं. समोर बसून बोलणाऱ्या आईला कुणी "भरभर, भरभर" म्हणत हाताने चक्र फिरवून दाखवलं, तर चारचौघं त्याला उद्धट म्हणतील. इथे तिला कळतच नाही, म्हणून उद्धटपणा झालाच नाही असं आपण धरून चालतो.

तर पहिलं मत: रीतभात म्हणजे नेहमीच वरातीमागून घोडं. टेलिफोन आला तेव्हा उचलल्यावर काय म्हणायचं हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. ग्रॅहम बेलला 'अहॉय' हवं होतं, खलाशी हाक मारतात तसं. एडिसनने १८७७ मध्ये 'हॅलो' सुचवलं आणि तेच टिकलं. सिनेमा नवा होता तेव्हा पुढे बसलेल्या बायकांच्या भल्यामोठ्या टोप्यांमुळे मागच्यांना पडदाच दिसायचा नाही. १९१० च्या आसपास अमेरिकेतल्या थिएटरांत खेळाआधी पडद्यावर पाटी यायची, की बायांनी कृपया टोप्या काढाव्यात. आज अंधारात भसकन उजळणारा फोन ही तीच टोपी. टोपीचं ठरलं, फोनचं अजून ठरायचंय. तोवर मागच्या रांगेतून "अहो, जरा…" म्हणायचं काम कुणाला तरी करावं लागणार. मी करतो. दोनदा शिव्या खाल्ल्यात, एकदा चक्क सॉरी ऐकलंय.

निळ्या खुणांबद्दल थोडं. त्या २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या आणि लोक इतके वैतागले की बंद करायची सोयही लगोलग द्यावी लागली. पण अट अशी, की आपली खूण लपवलीत तर दुसऱ्याचीही दिसणार नाही. हा नियम ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला माणसं कळत असावीत. खूण बंद ठेवणारे लबाड असतात, असं मी वर्षानुवर्षं ठणकावून सांगत आलो. गेल्या वर्षी मीही बंद केली. कारण ऑफिस, याहून जास्त विचारू नका.

करमणूक. गोष्ट सांगणारी कुठलीही चीज वेग वाढवून बघू नये, या मताला मी चिकटून आहे. गळका नळ दुरुस्त करायचा व्हिडिओ खुशाल दुप्पट वेगाने बघा, नळाला काही वाटत नाही. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये वेग बदलायची सोय चाचणीला लावली तेव्हा काही दिग्दर्शक भडकले होते. पुढच्या वर्षी ती आलीच, तो भाग वेगळा. नटाने वाक्याआधी घेतलेला श्वास हा वाया गेलेला वेळ असतो का? माझ्या मते निम्मा अभिनय तिथेच असतो. सुरुवातीची नावं वगळायचं बटण मात्र मी हमखास दाबतो. तेच संगीत आठव्यांदा कोण ऐकणार? विसंगत वाटतंय? वाटू दे.

आणि संपण्याबद्दल. पेपर संपायचा, मासिक संपायचं, कार्यक्रम संपून पडद्यावर मुंग्या यायच्या. न संपणारं पान २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या माणसाने तयार केलं आणि पुढे त्याचा त्यालाच पस्तावा झाला. मला रोज रात्री साडेअकराला होतो.

राहिला देव, तो जपून. मी अर्धा आस्तिक. अडचणीत पूर्ण. सगळ्यात खटकतं ते "हा संदेश अकरा जणांना पाठवा, नाहीतर…" पाठवणारी माणसं वाईट नसतात, काळजीपोटीच पाठवतात, म्हणून तर बोलणं अवघड. मनी नाही भाव, देवा मला पाव, ही म्हण फोनच्या कितीतरी आधीची. यंत्राने मोजून द्यावं, आठवण करून द्यावी, हरकत नाही. मागायचं मात्र माणसाने स्वतः. प्रार्थना पुढे पाठवता येत नाही. फार तर पुढे ढकलता येते, ते मी रोज करतो.

सुटलो. आता तुम्ही.

बोरू

पहिल्या परिच्छेदात दटावलंत म्हणून शेवटपर्यंत वाचलं. डोळ्यांचं काय झालं पण? पुढची तारीख घेतली की नाही?

उंबरठा

घेतली. त्या दिवशी अर्धा तास आधीच जाऊन बसलो होतो.

कानोसा

वाचलं, म्हणजे ऐकलं. मी अंध आहे. हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकला, आणि ज्या वेगाने ऐकला तो तुम्हाला ऐकवला तर पत्र्यावर पाऊस पडतोय असं वाटेल. आमच्यातले बरेच जण असंच ऐकतात, सरावाने कान तयार होतो. तेव्हा वेग म्हणजे अनादर हे तुमचं समीकरण मला मान्य नाही. डोळस माणूस पानावरून भराभरा नजर फिरवतो, त्याला कधी कुणी उद्धट म्हटलंय?

माझ्या आईचे निरोपही मी दुप्पटच ऐकतो, आणि तिला ते माहीत आहे. एकदा तिनेच विचारलं, "माझा आवाज कसा येतो रे त्यात?" ऐकवला. हसता हसता तिला ठसका लागला, म्हणाली, "ही तर माझी धाकटी बहीण!" आता निरोपाच्या शेवटी म्हणते, "मावशीला सांग."

तुम्ही वेगाला उगाच बोल लावताय. शेवटपर्यंत ऐकलं नाहीत, चुकलं ते तिथे.

उंबरठा

बिनतोड. वरचा मजकूर बदलत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी लटकेल. पण वेगाबद्दलचं निम्मं मत मागे घेतो. तिला माहीत आहे, हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. मी चोरून ऐकत होतो. दिग्दर्शकांबद्दलचं निम्मं तूर्त माझ्याकडेच राहू दे.

सातवी खिडकी

तुम्हा दोघांचं वाचून मजा वाटली, कारण माझी तक्रार मुळातच उलटी आहे. मला एका कानाने अजिबात ऐकू येत नाही, दुसऱ्याला यंत्र आहे. माझ्यासाठी आवाजी निरोप हीच बेअदबी. बोलणाऱ्याचा टायपायचा त्रास वाचतो आणि तो सगळा माझ्या डोक्यावर येतो. गोंगाटात असले तर शांत जागा शोधा, यंत्र फोनला जोडा, तीनदा लावा, आणि इतकं करून निरोप काय? "अगं काही नाही, सहज."

बेलचं नाव काढलंत म्हणून सांगते. त्याच्या आईला जेमतेम ऐकू यायचं, बायको पाच वर्षांची असताना तापाने बहिरी झालेली, आणि तो स्वतः कर्णबधिरांना शिकवायचा. त्याच्या हातून घडलं ते नेमकं त्याच्या घरातल्या दोघींना निरुपयोगी यंत्र. मला हे लहानपणी कळलं तेव्हा राग आला होता, आता फक्त गंमत वाटते.

माझा नियम साधा आहे. निरोप लिहून पाठवा. बोलायचंच असेल तर आधी एक ओळ लिहा, कशाबद्दल आहे ते. आणि कार्यक्रमाखाली येणाऱ्या अक्षरांना नाकं मुरडणाऱ्यांनो, "लक्ष विचलित होतं" हे माझ्यासमोर म्हणू नका. अक्षरं आली नव्हती तोवर मी घरच्यांच्या चेहऱ्यांकडे बघून हसायचे. ते हसले की मी हसायचे, विनोद काय होता ते कधीच कळायचं नाही.

बोरू

शेवटची ओळ वाचून थांबलो. १९५० च्या दशकात चार्ल्स डग्लसने हशा भरलेली पेटी बनवली होती, दूरचित्रवाणीवरच्या विनोदांच्या मागे लावायला. कळ दाबली की हवा तसला हशा, खुसखुस ते गडगडाट. आम्ही ऐकू येणारे त्या पेटीकडे 'बघून' हसत होतो. तुमचे घरचे निदान खरे तरी हसत होते.

पाचवा कोपरा

मी पूर्ण नास्तिक, अडचणीतसुद्धा. (एकदाच डगमगलो होतो, विमानात.) तरी उंबरठा यांच्या शेवटच्या मताला माझा विरोध आहे, आणि गंमत म्हणजे देवाच्या बाजूने.

यंत्रामुळे श्रद्धा बिघडली हा सूर चुकीचा आहे. ही दोघं फार जुनी भागीदार. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने एका यंत्राचं वर्णन लिहून ठेवलंय. वरच्या फटीतून नाणं टाकायचं, ते आतल्या तरफेच्या एका टोकावर पडतं, दुसऱ्या टोकाची झडप उचलली जाते आणि देवळातलं पवित्र पाणी हातावर येतं. तरफ कलली की नाणं घसरून खाली, झडप बंद. जेवढ्यास तेवढं. युरोपातल्या मठांत रात्रीच्या प्रार्थनेला वेळेवर उठायची पंचाईत व्हायची, घड्याळाला उत्तेजन मिळालं त्यात या पंचाइतीचाही वाटा. 'क्लॉक' हा शब्दसुद्धा लॅटिनमधल्या घंटेवरून आलाय. तिबेटी लोक मंत्र लिहून चक्रात घालतात आणि चक्र फिरवतात. काही चक्रं तर ओढ्याच्या पाण्यावर आपली आपण फिरत असतात, माणूस घरी झोपलेला. मागायचं काम यंत्रावर सोपवणं आजचं नाही.

तुमचा तो अकरा जणांचा संदेशही नवा नाही. आकाशातून पडलेलं पत्र म्हणून एक कागद फिरतोय आणि लोक त्यावर विश्वास ठेवतायत, असं एक बिशप सहाव्या शतकात वैतागून लिहून गेलाय. पुढे असल्या पत्रांत आशीर्वाद आणि धमकी दोन्ही असायची, नक्कल करून पुढे द्या, नाहीतर बघा. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला पैसे पाठवायच्या साखळीपत्रांनी टपाल खातं बुडायची वेळ आली होती. आपला फोन म्हणजे त्या घराण्याची ताजी पिढी.

उंबरठा

हेरॉनचं यंत्र माहीत नव्हतं, झकास. ओढ्यावरच्या चक्रापुढे "मागायचं मात्र माणसाने" हे माझं वाक्य जरा केविलवाणं दिसतंय खरं. पण चक्र बांधणारा कुणीतरी ओढ्यापर्यंत चालत गेला असेल, लाकूड तासलं असेल. अकरा जणांना पाठवण्यात तेवढंसुद्धा नाही.

अवांतर: २०२० च्या एप्रिलपासून फार फिरलेला संदेश व्हॉट्सॲपवर एका वेळी एकालाच पुढे पाठवता येतो. अकरा जणांसाठी अकरा वेळा तीच खटपट. पुण्याला मेहनत पडायला लागली, हे मला आवडलंय.

टिपकागद

मी इथे सहसा नुसती वाचते. पण "मागायचं मात्र माणसाने" यावर बोलायलाच हवं.

माझी आत्या तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. रोज सकाळी फोनवर थेट प्रार्थना लावते. लावायच्या आधी काय करते सांगू? मला हाक मारून केस विंचरून घेते. उशी उंच करायला लावते. चादरीची सुरकुती हाताने सरळ करते. मग फोन पुस्तकाला टेकवून उभा करायचा, आडवा ठेवलेला तिला चालत नाही. एकदा मी म्हटलं, आत्या, त्यांना आपण दिसत नाही गं. म्हणाली, "मला ते दिसतात ना."

मध्येच चित्र अडकतं, तिथे गोल फिरत राहतं. आत्या डोळे मिटून पुढचं स्वतः म्हणायला लागते. चित्र परत चालू होतं तेव्हा ती कधी दोन ओळी पुढे असते, कधी मागे. थांबून जुळवून घेते. यात मागतंय कोण, यंत्र की माणूस? मला तरी वेगळं काढता येत नाही.

उलट तिला भेटायला येणारी धडधाकट मंडळी बघा. तिच्या उशाशी बसतात, "काळजी करू नका, देव आहे" म्हणतात आणि म्हणता म्हणता मांडीवरचा फोन सरकवत असतात.

पाचवा कोपरा

नास्तिकातर्फे आत्याबाईंना नमस्कार.

उंबरठा

ताई, "मागायचं मात्र माणसाने" हे वाक्य मी लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त माझ्यासारखी हिंडती-फिरती माणसं होती. हात टेकले.

निळाई

रीतभात आणि यंत्र म्हणताय तर माझंही ऐका. वर्षापूर्वी माझे बाबा गेले. सांत्वनाचे निरोप आले त्यातल्या तिघांचं एक वाक्य जसंच्या तसं एक होतं, "त्यांच्या आठवणींचा प्रकाश तुमची वाट उजळत राहो." तिघं एकमेकांना ओळखतही नाहीत. आमच्या ओळखीत असं कुणी बोलत नाही. सरळ कळत होतं की कुठल्यातरी चॅटबॉटला सांगून लिहून घेतलंय. दुःख व्हायच्या ऐवजी मी ती वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघत बसले.

एका मैत्रिणीने लिहिलं होतं, "काय लिहू कळत नाही गं. उद्या येते." आली. काही बोललीच नाही, आल्या आल्या बाबांच्या औषधांचे डबे आवरायला लागली, जे मला हात लावून होत नव्हतं. रिकामी पाकिटं एकीकडे, भरलेली एकीकडे. भरलेली कुणाला देता येतील का, ते विचारायला दुकानात गेली.

बाकी शंभरेक जणांनी जोडलेले हात पाठवले. त्याचं मला काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. हात जोडायला शब्द लागत नाहीत.

बोरू

निळाई, हे लिहिताना भीती वाटतेय, पण मी त्या तिघांसारखाच एक आहे. तुमच्या ओळखीतला नव्हे, दुसरीकडचा. जवळच्या मित्राची बायको गेली. तासभर चार ओळी लिहीत-खोडत होतो. मग चॅटबॉटला विचारलं, त्याने छान लिहून दिलं, मी पाठवलं. दुःख खोटं नव्हतं हो. शब्द उसने होते. आमच्या लहानपणी छापील सांत्वनाची कार्डं मिळायची, ती पाठवणाऱ्याला कुणी खोटारडा म्हणत नव्हतं.

निळाई

कार्डावरचं छापील आहे हे दोघांनाही दिसायचं.

पण तुमचं वाचून त्या तिघांवरचा राग थोडा उतरला. तासभर खोडत बसला होता हेच मित्राला कळवायचं होतं ना.

उंबरठा

या दोन प्रतिसादांवर माझं बनवलेलं असं मत नाही. फक्त एक आठवलं. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम याने एमआयटीत 'एलिझा' नावाचा बोलका प्रोग्राम केला. अगदी साधा, आपलंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा. तो तयार होताना त्याच्या सेक्रेटरीने महिनोन्महिने डोळ्यांनी पाहिला होता. तरी त्याच्याशी टंकून दोन-चार वाक्यं बोलल्यावर ती वायझेनबॉमला म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? तो हादरला आणि पुढे आयुष्यभर याविरुद्ध लिहीत राहिला. मला मात्र त्या बाईंचं वागणं समजतं. ऐकणारं कुणी असो नसो, आपण मन मोकळं करताना तिसऱ्याने बघू नये एवढी रीत त्यांनी लगेच पाळली.

सातवी खिडकी

वरातीमागून घोडं म्हणणाऱ्यानेच हे लिहावं! इथे घोडं वेळेत पोचलं की.

कानोसा

धागा भरकटून छान झालाय. एक शंका राहिली. उंबरठा, त्या चार मिनिटं बारा सेकंदांचा शेवट सांगितलाच नाहीत. "सांगितलं बहुतेक" नंतर काय? कुलूप काढता येत नव्हतं तर निरोप तुमच्यापर्यंत पोचला कसा?

उंबरठा

"सांगितलं बहुतेक" नंतर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग दारावरची घंटा, "आले आले". दार उघडल्याचा आवाज, कुणाशी तरी पावतीबद्दल बोलणं, "चष्मा कुठे ठेवला मी". मग सपाता जवळ येतात, फोन उचलल्याची खरखर होते आणि अगदी कानाशी येऊन म्हणते:

"अगंबाई, हे चालूच आहे की. आता हे सगळं जातंय का काय त्याला?"

आणि गेलं.